वाचकांचे प्रश्न : ‘ग्लूटेन-फ्री’ची पाटी आणि पाटीमागचा भटारखाना

या महिन्यात आलेल्या पत्रांपैकी बरीच पत्रे सिलिॲक आजारामुळे, म्हणजे गव्हातील ग्लूटेन या प्रथिनाने लहान आतड्याला इजा होते त्या आजारामुळे, गहू वर्ज्य असलेल्या माणसांनी घराबाहेर काय खावे, याविषयीची आहेत. ती एकत्र घेतली असून उत्तरे त्या त्या पत्रापुरतीच दिली आहेत.

प्रश्न : माझ्या अकरा वर्षांच्या नातवाला सिलिॲक आजार असल्याचे निष्पन्न झाल्यापासून प्रवासाला निघताना आमच्याकडे डब्यांचीच एक वेगळी पिशवी भरावी लागते. यंदा मुलगा, सून, नातू आणि मी इटलीला गेलो होतो. फ्लॉरेन्समध्ये मुक्कामाजवळच्या गल्लीत अचानक एक छोटी बेकरी दिसली. पुढे चार टेबले मांडलेली, दारावर सगळे ग्लूटेनमुक्त असल्याची पाटी आणि काचेच्या कपाटात पाव, केक, बिस्किटे व पिझ्झाचे चौकोनी तुकडे. नातवाने आईकरवी विचारले, “यातले मला काय चालेल?” काउंटरवरच्या बाई म्हणाल्या, “सगळेच.” पोरगा त्या काचेपुढे कितीतरी वेळ नुसता उभा राहिला, कारण निवडायची वेळ त्याच्यावर कधी आलीच नव्हती. पुढचे सगळे दिवस आम्ही तेथेच खाल्ले. निघण्याच्या दिवशी सुनेने सहज घटकांची वही फोनवर भाषांतर करून वाचली, तर पावात गव्हाचा स्टार्च! नातवाला त्रास काहीच झाला नाही. पण आम्ही धास्तावलो. ते खाल्ले हे चुकले का? आपल्याकडे अशी जागा दिसली तर विश्वास कसा ठेवावा? आणि आमच्या लहानपणी माळव्यात सगळे गहूच खात असत, तेव्हा हा आजार कोठे होता?
— एक आजी, लोकमान्यनगर, इंदूर

उत्तर : आधी आपली धाकधूक दूर करू. तो पाव नातवाला चालण्यासारखाच होता. गव्हाच्या दाण्यात स्टार्चही असतो आणि प्रथिनेही असतात. सिलिॲक आजारात घात करते ते ग्लूटेन नावाचे प्रथिन, स्टार्च नव्हे. कारखान्यात पीठ वारंवार धुऊन स्टार्च वेगळा काढतात आणि त्यात मागे राहिलेले ग्लूटेन नियमात बसते की नाही हे तपासूनच तो अशा पावासाठी वापरतात. युरोपात खाण्यास तयार पदार्थात किलोमागे २० मिलिग्रॅमपेक्षा अधिक ग्लूटेन नसेल तरच त्यास ग्लूटेनमुक्त म्हणता येते आणि आपल्या अन्न सुरक्षा प्राधिकरणाची, म्हणजे एफएसएसएआयची, मर्यादाही तीच आहे. हिशेब करून पाहिल्यास नातवाने दिवसभरात पाव किलो पाव खाल्ला असता, तरी त्याच्या पोटात जास्तीत जास्त ५ मिलिग्रॅम ग्लूटेन गेले असते. दिवसाला १० मिलिग्रॅमपर्यंतचे प्रमाण बहुतेक रुग्णांना बाधत नाही असे मानतात. रोज ५० मिलिग्रॅम काही महिने पोटात जात राहिल्यास मात्र आतड्याला इजा होऊ शकते, असे अभ्यासात दिसले आहे. साध्या पावाच्या एका कापात ग्लूटेन दोन ग्रॅमच्या, म्हणजे २००० मिलिग्रॅमच्या आसपास असते. त्या मानाने ५० मिलिग्रॅम म्हणजे ताटाच्या कडेला सांडलेला चुरा.

यावरून उन्हाळ्यात कुरडयांसाठी आपण काढतो तो गव्हाचा चीकही चालेल, असा अर्थ मात्र कृपया काढू नये. चीक हाही गव्हाचा स्टार्चच खरा. पण घरी भिजवून, वाटून, गाळून काढलेल्या चिकात किती ग्लूटेन उरले आहे हे मोजण्याचे साधन आपल्यापाशी नसते, आणि ते उरतेच. नातवासाठी कुरडया करायच्या असतील तर तांदळाच्या किंवा साबुदाण्याच्या कराव्यात.

आपण लिहिता की त्याला त्रास काहीच झाला नाही. येथे सावध राहावे, असे मला वाटते. फ्लॉरेन्सच्या त्या पावाविषयी शंका नाही. परंतु “पोट दुखले नाही, म्हणजे चालले” हा नियम या आजारात उपयोगाचा नाही. कित्येक मुलांना गहू पोटात जाऊनही वरवर काहीच जाणवत नाही आणि आतड्यातील अन्नरस शोषून घेणारे अंकुर मात्र झिजत राहतात. पुढे कधीतरी रक्तातील लोह उतरते किंवा उंची वाढायची थांबते, तेव्हा लक्षात येते. नातवाची प्रतिपिंडांची रक्तचाचणी डॉक्टर ठरवतील त्या अंतराने होत राहील, एवढे पाहावे.

ती बेकरी आपल्याला अचानक दिसली असली, तरी ती तेथे असण्यामागे बरीच वर्षांची मेहनत आहे. इटलीत रुग्ण मुलांच्या पालकांनी १९७९ साली आपली संघटना उभी केली. ती संघटना उपाहारगृहांच्या स्वयंपाक्यांना शिकवते आणि शिकलेल्यांची यादी प्रवाशांना उपलब्ध करून देते. २००५ च्या कायद्यानुसार तेथील शाळांच्या व रुग्णालयांच्या भोजनगृहांना मागणी केल्यास ग्लूटेनमुक्त जेवण द्यावे लागते, आणि रुग्णांना असे पदार्थ घेण्यासाठी दरमहा ठरावीक रक्कमही मिळते. २०२३ साली तर मुलांची या आजारासाठी सरसकट चाचणी करण्याचा कायदा त्या देशाने केला; असा कायदा करणारा तो पहिला देश होय. घटकांची वही सुनेच्या हाती सहज पडली, हाही योगायोग नव्हे. पुडीबंद नसलेल्या, काचेत ठेवलेल्या पदार्थातही गहू, दूध, अंडे, दाणे यांसारखे घटक आहेत की नाहीत हे गिऱ्हाइकाला सांगणे युरोपातील दुकानदाराला बंधनकारक आहे. तेथील प्रत्येक कॅफे असाच असतो असे मात्र समजू नये. इटलीतील साध्या कॅफेत भाजलेल्या जवाचे, कॉफीसारखे दिसणारे पेयही मिळते, आणि गव्हाप्रमाणे जवातही ग्लूटेन असते. यंत्र आणि कप एकच असतील, तर नुसते फेसाळ दूध मागणाऱ्यालाही त्याचा संसर्ग पोहोचू शकतो.

आता आपल्या देशाविषयी. खाद्यगृहांनी पदार्थांतील ॲलर्जीकारक घटक जाहीर करावेत, असा नियम २०२२ पासून लागू आहे. परंतु तो केंद्रीय परवाना असलेल्यांना अथवा दहा किंवा अधिक ठिकाणी शाखा असलेल्यांना. चौकातल्या एकट्या कॅफेवर ते बंधन नाही. त्यामुळे पाटी वाचून आत शिरावे, पण पाटीवर थांबू नये. पहिला प्रश्न असा विचारावा की याच भटारखान्यात मैद्याचे काही होते का. “होते, पण आम्ही वेगळे करतो” असे उत्तर आले, तर केक आणि पाव तेथे घेऊ नयेत. मैदा परातीत ओतताना जी धूळ उठते ती बराच वेळ हवेत तरंगत राहते आणि शेजारच्या तांदळाच्या पिठावर, साच्यांवर, कापडावर बसते. भट्टीच्या उष्णतेने जंतू मरतील, ग्लूटेन मरत नाही. त्यानंतर तळणीच्या तेलाविषयी विचारावे, कारण ज्या कढईत समोसा तळला त्याच कढईतून निघालेले बटाट्याचे काप नातवाच्या कामाचे नाहीत. पाव शेकण्याचे यंत्र, पावाची सुरी, लोण्याची वाटी हेही पाहून घ्यावे. मला स्वतःला उत्तरापेक्षा उत्तर देण्याची रीत अधिक सांगून जाते. ज्याला यातले कळते तो माणूस आपला प्रश्न पुरा होण्याआधीच पिठाची पुडी आणून दाखवतो, ज्याला कळत नाही तो म्हणतो, “अहो, थोडेसे चालते.” हे ऐकले की तेथून उठावे.

आपल्या लहानपणी हा आजार नव्हता असे नाही. तो ओळखला जात नव्हता. “खाल्लेले अंगाला लागत नाही,” असे म्हणून ज्या मुलांना टॉनिक पाजले गेले, त्यांपैकी काहींना हाच आजार असणार. गव्हाचा संबंध जगालाही उशिराच कळला. डिके नावाच्या डच बालरोगतज्ज्ञांना गव्हाविषयी आधीपासून संशय होता. दुसऱ्या महायुद्धात, १९४४-४५ च्या हिवाळ्यात, हॉलंडमध्ये अन्नाचे दुर्भिक्ष पडून पाव मिळेनासा झाला, तेव्हा इतर लोक उपाशी असताना ही आजारी मुले मात्र सुधारली आणि पाव परत येताच पुन्हा खालावली. डिके यांनी १९५० साली आपल्या प्रबंधात त्याची मांडणी केली. सोपी रक्तचाचणी तर त्यानंतर कित्येक वर्षांनी आली. भारतात गहू खाणाऱ्या उत्तर भागात शंभरात एकाच्या आसपास हा आजार आढळतो आणि भात खाणाऱ्या दक्षिणेत तो फार कमी आहे, तेव्हा माळव्यात तो असणे नवलाचे नाही. तो अंशतः आनुवंशिक आहे. म्हणून नातवाच्या आईवडिलांची व भावंडांची चाचणी झाली नसल्यास करून घ्यावी.

प्रश्न : पुण्याच्या माझ्या नणंदबाईंना सिलिॲक आजार आहे. लग्नानंतर त्या प्रथमच आमच्याकडे येत आहेत. इंदूरला येऊन सराफ्यात आणि छप्पन दुकानवर काही खायचे नाही, हे यजमानांच्या जिवावर येते. त्यांना काय खाऊ घालता येईल? पोहे तर तांदळाचेच ना?
— एक वाचक, विजयनगर, इंदूर

उत्तर : पोहे तांदळाचेच, अडचण पोह्यांवर जे पडते त्याची आहे. फोडणीतला हिंग, वर भुरभुरलेले जिरावण (पोह्यांवरचा इंदुरी मसाला) आणि मूठभर शेव, या तिन्हींतून गहू येऊ शकतो. बाजारात डबीतून मिळणारी हिंगपूड हा नुसता हिंग नसतो. हिंगाचा चीक अतिशय उग्र असल्यामुळे तो डिंक आणि पीठ यांत मिसळून सौम्य करतात आणि ते पीठ पुष्कळदा गव्हाचे असते. डबीवरील बारीक अक्षरांत हे लिहिलेले असते, आपण ते वाचत नाही इतकेच. जिरावणात हिंग असतोच. शेव बेसनाची खरी, पण तिच्यातही हिंग असतो आणि ती कोणत्या कढईतून आली हे ठेल्यावरचा माणूस सांगू शकत नाही. शिवाय ज्या हाताने जिलबी उचलली त्याच हाताने पोह्यांचा दोना भरला जातो. तेव्हा इंदुरी पोहे घरीच वाफवावेत. तांदळाच्या पिठात बांधलेला हिंगही मिळतो, तो आणून जिरावण घरी कुटावे, शेव घरी पाडावी. नणंदबाईंना चव इंदूरची मिळेल आणि आपल्याला काळजी राहणार नाही.

सराफ्यात भुट्ट्याचा कीस मक्याचा असतो आणि तो तळणीत जात नाही, म्हणून हिंगाची चौकशी करून त्याचा विचार करता येईल. गराडू हा कंद निर्दोष आहे. परंतु तो ज्या तेलात तळतात त्यात दुसरे काय तळतात हे उभे राहून डोळ्यांनी पाहावे आणि वरचे जिरावण नको म्हणून सांगावे. खोपरा पॅटिस बटाट्या-खोबऱ्याचे असले तरी शेजारी कचोरी तळली जात असेल तर सोडून द्यावे. साबुदाण्याची खिचडी उपवासाची म्हणून विकतात तेथे हिंग सहसा नसतो, पण वरून फरसाण घालण्याची इंदुरी हौस आधीच थांबवावी लागते. गोडात रबडी चालेल. दुधाची घट्ट शिकंजीही चालेल, मात्र दाट करण्यासाठी काही घातले आहे का हे विचारावे. जिलबी, मालपुआ, गुलाबजाम आणि मावाबाटी यांच्याकडे पाहू नये. दाल-बाफले तर उघडच गव्हाचे.

घरी स्वयंपाक करताना एका गोष्टीकडे हमखास दुर्लक्ष होते. ज्वारीचे, मक्याचे, बेसनाचे पीठ आपण ज्या चक्कीवरून दळून आणतो तेथे दिवसभर गहूच दळला जातो आणि जात्यात मागे राहिलेला गहू पुढच्या गिऱ्हाइकाच्या ज्वारीत उतरतो. धान्य निवडून, धुऊन, वाळवून घरघंटीवर दळावे, आणि त्या घरघंटीत गहू कधीच दळलेला नसावा. थालीपिठाची भाजणी व मेतकूट यांत गहू असतो, हे आपल्याला ठाऊक असेलच. पोळपाट-लाटणे लाकडी असेल तर पाहुण्यांची भाकरी त्यावर थापू नये.

प्रश्न : मी घरून केक व बिस्किटे करून विकते आणि परवानाही घेतलेला आहे. मुंबईला गेले असताना एक ग्लूटेनमुक्त कॅफे पाहिला, तेव्हापासून आपल्याकडेही असे काही करावे असे मनात आहे. सध्याच्या मैद्याच्या कामाबरोबरच एक वेगळा कप्पा सुरू करावा, असा विचार आहे. पाव फुगत नाही, फुटतो, ही तक्रारही आहे.
— एक वाचक, राजेंद्रनगर, इंदूर

उत्तर : वेगळा कप्पा पुरणार नाही, वेगळी खोली लागेल. एकाच ओट्यावर सकाळी मैदा आणि दुपारी तांदूळ असे करायचे असेल, तर मालावर ‘मैदा न घातलेला’ असे लिहावे. ‘ग्लूटेन-फ्री’ लिहू नये. ही दोन विधाने सारखी नाहीत, आणि दुसरे विधान वाचून जो घेणार आहे त्याचे आतडे आपल्या शब्दावर विसंबून आहे. खोली वेगळी केली की चाळण्या, साचे, ब्रश, फडकी, एप्रन, ओव्हनच्या जाळ्या सगळे तेथलेच ठेवावे आणि मैद्याच्या खोलीतून कपडे न बदलता आत जाऊ नये. आपल्या आज्यांनी सोवळ्यातला स्वयंपाक ज्या काटेकोरपणे सांभाळला, त्याच काटेकोरपणे हे सांभाळावे लागते. फरक इतकाच की येथे शिवाशिवीचे कारण प्रयोगशाळेत मोजता येते. तयार मालाचा नमुना मान्यताप्राप्त प्रयोगशाळेतून तपासून घ्यावा आणि पिठाचा पुरवठादार बदलला की पुन्हा तपासावा. किलोमागे २० ते १०० मिलिग्रॅम ग्लूटेन असलेल्या मालासाठी कमी ग्लूटेनचा असा निराळा वर्ग आपल्या नियमांत आहे. तो सिलिॲकच्या रुग्णांसाठी नाही, हे विक्रीच्या वेळी स्वच्छ सांगावे.

पाव फुटण्याचे कारण असे की गव्हाच्या कणकेत ग्लूटेनची जाळी तयार होते आणि यीस्टचा वायू तीत अडकून पाव फुगतो. तांदळाच्या पिठाला ही जाळी नाही, म्हणून वायू निसटतो. जाळीचे काम इसबगोलाच्या भुशीवर सोपवावे. आपल्या नीमच-मंदसौरकडे इसबगोलाची शेती होते आणि नीमचच्या मंडीत त्याचा मोठा व्यापार चालतो, त्यामुळे चांगला माल मिळणे कठीण नाही. भुशी आधी पाण्यात भिजवून तिचा लगदा होऊ द्यावा आणि मग पिठात मिसळावी. कोरडी मिसळल्यास गाठी होतात. एकाच पिठावर अवलंबून न राहता तांदूळ, ज्वारी किंवा राजगिरा आणि थोडा टॅपिओकाचा अथवा बटाट्याचा स्टार्च असे मिश्रण करावे. पीठ मळायचे नसते, जाडसर घोटायचे असते, आणि ते साच्यातच फुगू द्यायचे असते. पाव पूर्ण गार झाल्यावरच कापावा. गरम असताना सुरी लावली की आत चिकट राहतो आणि वाटते की कच्चाच आहे.

एक सूचना न विचारता देतो. परदेशी पुस्तकांतील पाककृतींत साखर व चरबी भरपूर आणि तंतू कमी असतात. या रुग्णांना लोहाची उणीव पुष्कळदा असते, तेव्हा राजगिरा आणि नाचणी यांना आपल्या मिश्रणात जागा द्यावी. ओट्स मात्र घेऊ नयेत. ओट्स गव्हाच्या शेजारी पिकतात, त्याच यंत्रांतून साफ होतात, आणि स्वतंत्रपणे सांभाळलेले, तसे प्रमाणित केलेले ओट्सच चालतात; शिवाय काही रुग्णांना तेही सोसत नाहीत.

प्रश्न : पोट फुगण्याच्या त्रासामुळे मी सहा महिन्यांपासून गहू बंद केला आहे आणि बरे वाटते. आता प्रवासात सगळीकडे विचारत बसावे लागते. मला खरेच सिलिॲक आहे का? चाचणी करून घ्यावी का? धाकट्या भावाला सतत रक्तक्षय असतो.
— एक वाचक, ग्वाल्हेर

उत्तर : चाचणी आधी आणि पथ्य नंतर, हा क्रम उलटा झाला आहे. गहू बंद केल्यावर रक्तातील प्रतिपिंडे हळूहळू कमी होतात व आतडेही भरून येते, त्यामुळे आता चाचणी केल्यास आजार असूनही ती निर्दोष येऊ शकते. पोटविकारतज्ज्ञांच्या देखरेखीखाली काही आठवडे रोज गहू खाऊन रक्ताची चाचणी आणि गरज पडल्यास दुर्बिणीतून लहान आतड्याचा तुकडा तपासणे, असा मार्ग आहे. गहू पुन्हा सुरू करण्याची तयारी नसेल, तर जनुकीय चाचणी विचारून घ्यावी. तिच्यात ठरावीक जनुके आढळली नाहीत तर सिलिॲक जवळजवळ नाहीच असे म्हणता येते. आढळली तरी आजार आहे असे सिद्ध होत नाही, कारण ती जनुके असलेल्या बहुतेक माणसांना हा आजार कधीच होत नाही. निदान सिलिॲकचे नसेल, तर प्रत्येक ठिकाणी कढई आणि हिंग यांची चौकशी करण्याची आपल्याला गरज उरणार नाही. त्रास गव्हातील दुसऱ्याच एखाद्या घटकाचा किंवा निराळ्याच कारणाचा असू शकतो. दरम्यान, ग्वाल्हेर-मुरेन्याची तीळगुळाची गजक घटक वाचून घेतली तर प्रवासात जवळ बाळगायला उत्तम. आपल्या निर्णयासाठी भावाची तपासणी मात्र लांबवू नये. ज्याचे मूळ सापडलेले नाही असा रक्तक्षय हे सिलिॲकसाठी रक्त तपासण्याचे पुरेसे कारण आहे, आणि भाऊ अजून पोळी खात असेल, तर त्याची चाचणी उद्याही होऊ शकते.